पदराची खूणगांठ : रोजच्या विसराळूपणाविषयीं

दहाबारा वर्षांपूर्वींची गोष्ट. रविवारीं सकाळीं पिशवी घेऊन आम्ही मंडईंत गेलों. निघतांना घरांतून सहा जिन्नस सांगितले होते : पालक, दुधी, मिरच्या, आलें, कोथिंबीर आणि चार डझन लिंबें. वाटेंत शनिपाराजवळ एक जुने स्नेही भेटले. त्यांच्याशीं दोन शब्द झाले. मंडईंत शिरतांच कोंवळा दुधी दिसला. त्याचा भाव करण्यांत थोडा वेळ गेला. घरीं येऊन पिशवी उपडी केली, तों पालक होता, दुधी होता, मिरच्या होत्या, आलें होतें, कोथिंबिरीच्या तर एकीऐवजीं दोन जुड्या होत्या. लिंबें तेवढीं नव्हतीं. आणि घरांत त्या दिवशीं बेत होता लिंबाच्या लोणच्याचा! बरण्या धुऊन उन्हांत वाळत ठेवलेल्या होत्या. वहिनींनीं पिशवीकडे पाहिलें आणि कांहींएक न बोलतां त्या आंत गेल्या. आमची स्मरणशक्ति आतां चालली, असें कांहींसें आम्ही पुटपुटलों. त्यावर ओसरीवर वाती वळीत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "स्मरणशक्तीला कशाला दोष देतोस? तुझें लक्ष कोठें होतें, तें सांग."

त्या वेळीं आम्हांस हा टोमणा वाटला. पुढें या विषयावरचीं पुस्तकें चाळतांना ध्यानांत आलें कीं, आत्याबाईंनीं निदान अगदीं अचूक केलें होतें. त्या निदानावरून जे उपाय सुचले आणि घरांत करून पाहिल्यावर उपयोगी ठरले, ते वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

लक्ष कोठें होतें?

स्मृतीचें काम घरच्या कोठीच्या खोलीसारखें तीन टप्प्यांनीं चालतें. जिन्नस आंत यावा लागतो, तो फडताळांत टिकावा लागतो, आणि हवा त्या वेळीं हाताला लागावा लागतो. आपण दोष देतों तो बहुधा मधल्या टप्प्यास, म्हणजे फडताळास. वस्तुतः चूक असते ती पहिल्या किंवा तिसऱ्या टप्प्यांत. चष्मा कोठें ठेवला तें आठवत नाहीं, याचें कारण तो ठेवतांना मन फोनच्या घंटीकडे होतें. हातानें चष्मा ठेवला, मनानें तो ठेवलाच नाहीं. जें आंत आलेंच नाहीं, तें शोधूनही कसें सांपडावें?

शिवाय मनाची ओंजळही लहान आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालीं असें दाखविलें कीं, एका वेळीं मनुष्याच्या ध्यानांत सुमारें सात गोष्टी राहूं शकतात, दोन कमी किंवा दोन अधिक. नेल्सन कोवन यांनीं २००१ सालीं हा आंकडा चारपर्यंत खालीं आणला. आमचे जिन्नस सहा होते. त्यांत स्नेह्यांच्या प्रकृतीची चौकशी आणि दुधीचा भाव या दोन गोष्टींची भर पडली. ओंजळींतून लिंबें गळून पडलीं, यांत नवल तें काय?

टिकण्याच्या बाबतींतही निसर्गाचा एक नियम आहे. मंडईची सध्यांची दगडी इमारत १८८६ सालीं उघडली. त्याच्या आदल्याच वर्षीं जर्मनींत हर्मान एबिंगहाउस या विद्वानानें स्मृतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. या गृहस्थानें अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या करून त्या स्वतःच पाठ केल्या आणि विसर किती वेगानें पडतो, तें मोजलें. एका तासांत निम्म्याहून अधिक श्रम वायां गेले. एका दिवसांत सुमारें दोनतृतीयांश गेले. मात्र महिन्यानंतरही सुमारें एकपंचमांश शिल्लक होते. म्हणजे विसर आरंभीं झपाट्यानें पडतो आणि मग मंदावतो. मनुष्याचें मनच असें घडलेलें आहे. तेव्हां सकाळीं सांगितलेलें काम संध्याकाळीं आठवलें नाहीं, एवढ्यावरून कोणास निष्काळजी ठरविणें न्यायाचें नाहीं.

शक्ति कीं युक्ति?

मग स्मरणशक्ति वाढवितां येते कीं नाहीं? बाजारांत त्यासाठीं चूर्णें आहेत, अवलेह आहेत, आणि आतां मोबाईलवर खेळही आले आहेत. याविषयीं एक प्रयोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तो अमेरिकेंत एका विद्यार्थ्यावर केलेला असून १९८० सालीं प्रसिद्ध झाला. आरंभीं या विद्यार्थ्यास ऐकलेले सात आंकडे क्रमानें म्हणतां येत. २३० तासांहून अधिक सराव केल्यानंतर तो ७९ आंकडे म्हणूं लागला. त्याची युक्ति अशी होती कीं, तो स्वतः धावपटू असल्यामुळें आंकड्यांचे गट पाडून त्यांस शर्यतींच्या वेळा मानी. परंतु आंकड्यांऐवजीं अक्षरें सांगितलीं, तेव्हां त्याची मजल पूर्वींप्रमाणें सहाच्या आसपासच राहिली! त्याच्या हातीं एक युक्ति आली होती. शक्ति होती तेवढीच होती.

अशीच गोष्ट बाजारांतली आहे. ब्राझील देशांत रेसिफे शहरीं रस्त्यावर भाजी-फळें विकणाऱ्या मुलांची परीक्षा घेतली गेली. ती १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. गिऱ्हाइकाशीं व्यवहार करतांना त्या मुलांचे शेकडा ९८ हिशोब बरोबर आले. तेच हिशोब कागदावर नुसत्या आंकड्यांत मांडून दिले, तेव्हां शेकडा ३७ च बरोबर आले. आपल्या मंडईंतही सात भाज्यांची बेरीज तोंडानें करून उरलेली मोड हातावर ठेवणारी माळीणबाई आपण नेहमीं पाहतों. त्या बाईस उपजत कांहीं निराळी स्मृति लाभलेली असते असें नव्हे. तिचें ज्ञान जागेशीं, मालाशीं आणि गरजेशीं बांधलेलें असतें. आपणांसही करावयाचें तें हेंच. स्मृति बळकट करण्याच्या मागें न लागतां, लक्षांत ठेवावयाची गोष्ट कशाशीं तरी बांधून ठेवावी.

गांठ कोठें मारावी?

या बांधण्यास मराठींत फार सुंदर शब्द आहे : खूणगांठ. आत्याबाई पदराला गांठ मारीत. पण एकदां त्या स्वतःच गांठ हातांत धरून विचारांत पडलेल्या आम्ही पाहिल्या. "गांठ आहे खरी, पण कशाची, तें आठवत नाहीं!" असें म्हणून त्या हंसल्या. यांत मोठा बोध आहे. गांठ ही 'कांहीं तरी करावयाचें आहे' एवढेंच सांगते. 'काय' आणि 'केव्हां' हें सांगत नाहीं. म्हणून खूण अशी असावी कीं, ती त्या कामाच्याच वाटेंत आडवी येईल आणि कामाचें नांवही सांगेल. औषध आणावयाचें असेल तर रिकामी बाटली पिशवींत घालावी. पत्र टाकावयाचें असेल तर तें चपलेवर ठेवावें. सकाळची गोळी चहाच्या साखरेच्या डब्याशेजारीं ठेवावी.

जेथें अशी वस्तु ठेवतां येत नाहीं, तेथें वाक्याची गांठ मारावी. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानें १९९९ सालीं या युक्तीचा विस्तारानें विचार मांडला. 'बिल भरलें पाहिजे' असें नुसतें मनाशीं न म्हणतां, 'मंडईंतून बाहेर पडलों, कीं घरीं न वळतां आधीं बिल भरीन' असें म्हणावें. जेव्हां अमुक होईल, तेव्हां तमुक करीन, असा या वाक्याचा सांचा आहे. प्रसंग समोर आला कीं तोच कामाची आठवण करून देतो. हें वाक्य एकदां मोठ्यानें म्हणावें, पुटपुटूं नये.

यादी ध्यानांत ठेवण्याची युक्ति याहून जुनी आहे. सिसेरो या रोमन वक्त्यानें सिमोनिडीझ नांवाच्या ग्रीक कवीची कथा सांगितली आहे. मेजवानी चालू असतां कवीस कोणी बाहेर बोलाविलें, आणि मागें छत कोसळून सर्व पाहुणे चिरडले गेले. प्रेतें ओळखतां येईनात. पण कोण कोठें बसला होता हें कवीस आठवत होतें, आणि त्यावरून प्रत्येकाची ओळख पटली. जागा आठवली कीं जागेवरची वस्तु आठवते, हें तत्त्व त्यांतून निघालें.

पुणेकरांस यासाठीं ग्रीस देशास जावयास नको. घरापासून मंडईपर्यंतची आपली रोजची वाट घ्या. आमची वाट अशी आहे : जिना, वाड्याचा दिंडीदरवाजा, शनिपार, तुळशीबागेचें वळण, लोकमान्यांचा पुतळा, आणि शेवटीं मंडईचा अष्टकोनी मनोरा. निघण्यापूर्वीं एकेका जागीं एकेक जिन्नस मनानें मांडावा. आणि चित्र जितकें विचित्र, तितकें बरें. जिन्यावरून दुधी गडगडत येत आहे, दिंडीदरवाजाला मिरच्यांचें तोरण आहे, मनोऱ्याला लिंबांची माळ लटकत आहे. मंडईंत पोंचल्यावर तीच वाट मनांत पुन्हा चालावी. आठ दिवस ही खटपट पोरकट वाटते. पुढें ती अंगवळणीं पडते. २०२४ सालापासून मंडईंत भुयारी मेट्रोचें स्थानक झालें आहे. त्यामुळें ज्यांची वाट बदलली, त्यांनीं खुणाही बदलाव्या.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? चिठ्ठी लिहावी कीं! अवश्य लिहावी. चिठ्ठी लिहिण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आमची एवढीच सूचना आहे कीं, चिठ्ठी खिशांतून काढण्यापूर्वीं एकदां आठवून पाहावें आणि मग ताडून घ्यावें. तसें कां, तें पुढें सांगतों.

घोकणें आणि आठवणें

परीक्षेच्या वेळीं मुलें एकच पान दहादां वाचतात आणि 'आलें' असें समजतात. अमेरिकेंत रोडिगर आणि कार्पिकी यांनीं २००६ सालीं याचा पडताळा पाहिला. एका गटानें धडा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्यानें एकदां वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं पाहिलें तर वाचणारे पुढें होते. आठवड्यानें पाहिलें तर आठवून लिहिणारे पुढें गेले होते. आठवण्याचे श्रम हेच स्मृतीचें खरें खत होय. हे श्रमही एकाच बैठकींत न करतां आज, उद्यां, चार दिवसांनीं, पंधरवड्यानें असे विभागून करावे, म्हणजे थोड्या कष्टांत अधिक काळ टिकतें.

आपल्याकडील जुन्या पाठशाळांस हें निराळ्या रीतीनें ठाऊक होतें. वेदपठणांत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे प्रकार आहेत. घनपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पहिलें-दुसरें-तिसरें, तिसरें-दुसरें-पहिलें, पुन्हा पहिलें-दुसरें-तिसरें, अशा क्रमानें पदें म्हणतात. नुसती जीभ सैल सोडून हें साधत नाहीं. प्रत्येक पद जागें राहून हुडकावें लागतें, आणि एक अक्षर चुकलें तरी उलट फेऱ्यांत तें उघडें पडतें. या वेदपठणाच्या परंपरेची नोंद २००३ सालीं युनेस्कोनें मानवजातीचा वारसा म्हणून घेतली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे आपल्या आजोबांचे पाढेही मधूनच विचारले जात. म्हणून ते म्हातारपणींही तोंडांत राहिले.

जें आठवावें लागत नाहीं, तें जातें. मंडईचेंच उदाहरण पाहावें. ही इमारत उघडली तेव्हां तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव होतें. तिच्यावर एवढा पैसा खर्च करण्यास महात्मा जोतीराव फुले यांचा विरोध होता. आणि पुढें मंडईस नांव मिळालें तें त्यांचेंच. 'रे मार्केट' हा शब्द आज उच्चारला तर तरुण मनुष्य तोंडाकडे पाहत राहील. तो शब्द पुसण्यासाठीं कोणास झटावें लागलें नाहीं. जिभेवर येईनासा झाला, एवढेंच पुरलें. नव्या ओळखीच्या माणसांचीं नांवें आपण विसरतों, तींही याच कारणानें. ओळख होतांच बोलण्यांत एकदां त्या नांवानें हांक मारावी, आणि रात्रीं निजतांना तें पुन्हा आठवावें. तेवढें बहुधा पुरतें. निजण्याचा विषय निघाला म्हणून सांगतों : दिवसाचें शिकलेलें पक्कें करण्याचें पुष्कळसें काम झोंपेंत होतें. जागरण करून पाठ केलेलें टिकत नाहीं, याची मुलांस वेळींच जाणीव द्यावी.

घराची स्मृति कोणाच्या डोक्यांत?

येथवर एकट्या माणसाचा विचार झाला. परंतु आपलीं घरें अद्याप भरलेलीं आहेत, आणि भरल्या घराची स्मृति ही एकाची नसते. डॅनियल वेग्नर यांनीं १९८५ सालीं मांडलें कीं, एकत्र राहणारीं माणसें स्मरणाची वांटणी करून घेतात. कोणास काय ठाऊक आहे, एवढें ठाऊक असलें म्हणजे पुरतें. आमच्या घरीं पाहुण्यांची नाती आत्याबाईंस, कराच्या पावत्या दादांस, मोबाईलच्या खुब्या पुतणीस. ही सोय मोठी आहे.

पण लोणच्याच्या त्या दिवशीं वहिनी न बोलतां आंत कां गेल्या, याचा आम्हीं पुढें विचार केला. मंडईंतून काय आणावयाचें, दूधवाल्याचा खाडा किती, धाकट्याची लस केव्हां, कोणाला कोणती डाळ सोसत नाहीं, श्राद्धाची तिथि कोणती, गॅस केव्हां नोंदवावयाचा, हें सर्व एकट्या वहिनींच्या डोक्यांत होतें. आम्ही 'काय आणूं?' एवढेंच विचारीत होतों, आणि त्या विचारण्यालाच मदत समजत होतों. यांतून एखादी गोष्ट निसटली कीं 'सूनबाई हल्लीं फार विसरते' असें म्हणावयास घरांतील दहा तोंडें तयार! ज्या डोक्यांत घरच्या दहा माणसांचीं कामें भरलीं आहेत, तें विसरतें कमी, असेंच म्हणावें लागेल.

आतां आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशीं एक पाटी टांगली आहे. संपलेला जिन्नस ज्याच्या हातून संपला, त्यानें लिहावयाचा. मंडई आमच्याकडे, म्हणजे भाजी आणणें नव्हे, तर काय हवें हें ध्यानांत ठेवणें सुद्धां आमच्याकडे. औषधें दादांकडे. पहिल्या महिन्यांत दोनदां कोथिंबिरीवांचून आमटी झाली. पण नेमून दिलेलें काम कोणी वहिनींच्या माथीं परत टाकलें नाहीं. याहून सोपा आणि याहून गुणकारी उपाय आमच्या पाहण्यांत नाहीं.

विसर कोणता, आजार कोणता?

शेवटची गोष्ट सांगतांना संकोच वाटतो. तीन वर्षांपूर्वीं मंडईंतील ओळखीच्या माळीणबाईंनीं आमच्या हातावर कांहीं नोटा ठेवल्या. "दादा, आजींनीं काल पैसे दोनदां दिले. गेल्या महिन्यांतही असंच झालं होतं." आत्याबाई तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि चाळीस वर्षें घरची मंडई त्याच करीत आल्या होत्या. आम्ही हंसलों. वयच तें, म्हणालों. त्या एकच प्रश्न दोनदोनदां विचारूं लागल्या, तरी आम्ही हंसतच राहिलों. मुलें तर नक्कल करूं लागलीं. या हंसण्यांत सहा महिने गेले. मग एके दिवशीं मंडईंतून निघून त्या बोहरी आळींत उभ्या असलेल्या सांपडल्या. घर कोणत्या अंगास, हें त्यांस सुचत नव्हतें. तेव्हां आम्ही डॉक्टरांकडे धांव घेतली.

तपासणींत दोन गोष्टी आढळल्या. ब-१२ या जीवनसत्त्वाचें प्रमाण फार उतरलें होतें, आणि कान बरेच गेले होते. हें जीवनसत्त्व वनस्पतींच्या अन्नांत जवळजवळ नसतेंच. शाकाहारी माणसास तें दूधदुभत्यांतून थोडेंफार मिळतें, आणि उतारवयांत तेंही अंगीं नीट लागत नाहीं. आमच्यासारख्या घरांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. कान मंद झाले, कीं शब्द अर्धवट आंत जातात. आणि जो शब्द आंत गेलाच नाहीं, तो आठवणार कसा? इंजेक्शनें झालीं, कानाचें यंत्र आलें, आणि चार महिन्यांत आत्याबाई पुष्कळ सावरल्या. पूर्णपणें नव्हे. आधीं नेलें असतें तर अधिक सावरल्या असत्या काय, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

म्हणून वाचकांस कळकळीची विनंती. मंडईंत लिंबें घ्यावयाचीं राहिलीं, हा विसर. मंडईंतून घरची वाट चुकली, हा इशारा. एखाद्याचें नांव जिभेवर येऊन अडकलें आणि तासाभरानें आठवलें, तर चिंता नको. परंतु तोच प्रश्न पुनःपुन्हा येऊं लागला, नेहमींच्या पैशांच्या व्यवहारांत चुका होऊं लागल्या, हातच्या स्वयंपाकाचा क्रम सुचेना, स्वभाव पालटला, तर थट्टा थांबवावी आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ब-१२ ची उणीव, थायरॉइडचा मंदपणा, मनाची खिन्नता, झोंपेचा अभाव, कांहीं औषधांचा परिणाम, अशीं सुधारतां येण्याजोगीं कारणें पुष्कळदां निघतात. आलोइस आल्झायमर यांनीं १९०६ सालीं ज्याचें प्रथम वर्णन केलें, तो रोग निघाला तर तो बरा होत नाहीं, हें खरें. पण वेळींच कळलें तर घरास तयारी करतां येते आणि रोग्याचे दिवस सुखाचे करतां येतात. आणि गोंधळ एकाएकीं, तासां-दोन तासांत उद्भवला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालयांत न्यावें.

आतां दर गुरुवारीं आत्याबाई पुतणीचा हात धरून आमच्याबरोबर मंडईंत येतात. पिशवी मुलीच्या खांद्यावर असते, चिठ्ठी तिच्या खिशांत असते. पण चिठ्ठी काढावयाची ती शेवटीं, असा नियम आहे. मनोऱ्याखालीं उभ्या राहून आत्याबाई एकेक बोट मिटीत जिन्नस म्हणतात. एखाद्या बोटाशीं त्या अडतात. मुलगी उत्तर सांगण्यास उतावीळ होते, आणि आम्ही तिला खुणेनें थांबवितों. कधीं तें नांव येतें, कधीं येत नाहीं. आलें नाहीं तर चिठ्ठी आहेच.